उशाशी उभी असलेली सिस्टर

(आपल्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत, गोडादरा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)

आरती झाली आहे, प्रसाद व्हायचा आहे, आणि मधल्या अर्ध्या तासात मला उभं केलं आहे. प्रसाद आणि तुमच्यामध्ये फार वेळ उभी राहणार नाही.

माझी ओळख करून देताना अध्यक्षांनी ‘आरोग्य क्षेत्रात छत्तीस वर्षे सेवा’ असं म्हटलं. साधं सांगायचं तर मी ओटी सिस्टर. माझं माहेर शिंदखेडा तालुक्यातलं. नर्सिंगचा कोर्स केला, लग्न झालं आणि 1985 साली सुरत-भुसावळ पॅसेंजरने सुरतेला आले. यजमान उधन्याला लूमच्या कारखान्यात होते. तुमच्यापैकी निम्म्यांची गोष्ट अशीच असेल. कोणी जळगावचं, कोणी नंदुरबारचं, कोणी धुळ्याचं. आज आपली तिसरी पिढी इथे आहे.

हा विषय माझ्या डोक्यात घातला आपल्याच गल्लीतल्या एका मुलीने. ती बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एक दिवस घरी आली आणि म्हणाली, “मावशी, अमेरिकेत सिस्टरच भूल देतात म्हणे. त्यांना नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट म्हणतात. मग तुम्ही इतकी वर्षं भुलीच्या डॉक्टरांशेजारी उभ्या होतात, तुम्ही कोण?”

मी म्हटलं, “ओटी सिस्टर.”

ती म्हणाली, “ते झालं हो. पण भुलीच्या कामात तुम्ही कोण?”

मला उत्तर देता आलं नाही. आज देण्याचा प्रयत्न करते.

आधी भूल म्हणजे काय ते पाहू. आपल्याला वाटतं, सुई टोचली, माणूस झोपला, ऑपरेशन झालं, माणूस उठला. तसं नसतं. मोठ्या भुलीत स्नायू सैल पडायचं औषध देतात, त्यामुळे पेशंटचा श्वास त्याच्या हातात राहत नाही. तो आपण द्यायचा, मशीनने किंवा हातातल्या पिशवीने. सिझेरियनला पाठीच्या कण्यात सुई देतात. बाई जागी असते, बोलत असते, पण कमरेखाली बधिर होते आणि तिचा रक्तदाब झपाट्याने खाली येऊ शकतो. म्हणजे दोन्ही प्रकारांत कोणीतरी सतत बघत राहावं लागतं. सर्जनचे डोळे जखमेवर असतात. उशाशी उभ्या असलेल्या माणसाचे डोळे पेशंटवर हवेत. झोपवायला काही मिनिटं लागतात. राखण तासन् तास करावी लागते.

मी कामाला लागले तेव्हा ऑपरेशन थिएटरमध्ये बॉइल्स मशीन असे, त्याला काळी रबरी पिशवी. इथरचा वास साडीला लागायचा आणि घरी गेल्यावर सासूबाई म्हणायच्या, “आधी आंघोळ कर.” करोनाच्या काळात तुम्ही सगळ्यांनी घरोघरी बोटाला लावायची चिमटी घेतली होती ना, ऑक्सिमीटर? त्यामागची कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांनी 1970च्या दशकात काढली. आमच्याकडे ती सुरुवातीला नव्हती. आम्ही नख बघायचो, ओठ बघायचो, जबड्याखाली बोट ठेवून नाडी बघायचो. जखमेतलं रक्त काळपट दिसलं तर सर्जन ओरडायचे, पण त्याच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे. हे मला एका वयस्कर भूलतज्ज्ञांनी शिकवलं. ते म्हणायचे, “सिस्टर, मशीन नंतर बघा, आधी माणूस बघा.” जबडा कसा धरायचा, मास्क कसा बसवायचा, पिशवी किती दाबायची, सगळं त्यांनी हाताला धरून शिकवलं. पण त्या शिकण्याचं कुठलं प्रमाणपत्र नव्हतं.

आता ती मुलगी म्हणाली त्या अमेरिकेकडे जाऊ. इथरची भूल देऊन जाहीरपणे ऑपरेशन झालं ते बोस्टनला, 16 ऑक्टोबर 1846 रोजी. पुढच्याच वर्षी, 1847 मध्ये, ती कोलकात्याला पोचली. पण भूल देणं हे तेव्हा कोणाचंच वेगळं काम नव्हतं. जो मोकळा असेल तो मास्कवर औषधाचे थेंब टाकायचा. बहुधा शिकाऊ डॉक्टर, आणि त्याचं लक्ष ऑपरेशन बघण्यात. माणसं दगावायची. मग तिथल्या सर्जननी विचार केला, जिचं लक्ष फक्त पेशंटवर राहील अशी व्यक्ती कोण? उत्तर आलं, सिस्टर. पेनसिल्व्हेनियातल्या एका मिशन रुग्णालयात 1877च्या सुमारास सिस्टर मेरी बर्नार्ड यांनी हे काम हाती घेतलं. पुढे मेयो क्लिनिकमध्ये अ‍ॅलिस मॅगॉ नावाच्या परिचारिकेने चौदा हजारांहून अधिक भुली दिल्या आणि 1906 साली त्याचा हिशेब छापून मांडला. भुलीमुळे एकही मृत्यू नाही. त्यात ऑक्सिमीटर नव्हता, मॉनिटर नव्हता. ती पेशंटशी बोलत राहायची, धीर द्यायची, थेंब मोजून टाकायची.

एवढं करूनही मान्यता सहज मिळाली नाही. कॅलिफोर्नियात डॅग्मार नेल्सन नावाच्या परिचारिकेवर डॉक्टर मंडळींनीच खटला भरला की ही डॉक्टरकी करते. 1936 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, कारण ती सर्जनच्या देखरेखीखाली काम करत होती. त्याआधीच, 1931 साली, अगाथा हॉजिन्स यांनी या परिचारिकांची संघटना उभी केली होती. 1956 पासून त्यांना अधिकृत पदनाम मिळालं. आज तिथे आधी नर्सिंगची पदवी, मग अतिदक्षता विभागात किमान एक वर्ष काम, आणि मग तीन वर्षांचं डॉक्टरेट पातळीचं शिक्षण घेतल्यावर हे काम करता येतं. फ्रान्स आणि स्वीडनमध्येही भुलीच्या खास प्रशिक्षित परिचारिका आहेत. लांब कशाला, आपल्या शेजारच्या भूतानमध्येही आहेत.

मग आपल्या देशात का नाहीत? इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, गैरसमज नको. भारतात भूल देण्याचं काम डॉक्टरांचं आहे. सिस्टरने स्वतंत्रपणे भूल देण्याला इथे परवानगी नाही, आणि नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट अशी वेगळी नोंदणीही नाही. आपल्याकडची परंपराही वेगळी आहे. हैदराबादला डॉ. रूपाबाई फरदूनजी 1889च्या सुमारास क्लोरोफॉर्म देत होत्या. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतात. आपल्याकडे भूल ही अशी मुख्यतः डॉक्टरांच्या हातात राहिली. त्यात मला गैर वाटत नाही.

पण गावोगाव भूलतज्ज्ञ पुरत नाहीत, हेही खरं. म्हणून सरकारने एमबीबीएस डॉक्टरांसाठी अठरा आठवड्यांचं भुलीचं प्रशिक्षण सुरू केलं, तालुक्याच्या ठिकाणी अडलेल्या बाळंतिणीचं सिझेरियन व्हावं म्हणून. 2015 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने सांगितलं की जगातल्या पाचशे कोटी लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया आणि भूल मिळत नाही. हा आकडा ऐकताना मला शिंदखेड्याच्या पलीकडची, सातपुड्यातली गावं आठवतात.

माणसं कमी पडली की काय होतं, ते माझ्या अनुभवातून सांगते. गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी नोकरी एका ठिकाणी करायचे आणि घरखर्चाला हातभार म्हणून अधूनमधून रात्री एका छोट्या दवाखान्यात जायचे. नाव घेत नाही. एका रात्री सिझेरियन होतं. बाई आपल्याच खान्देशातली, पहिलटकरीण. टेबलावर घेताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “माय, मी परत उठसू ना?” मी म्हटलं, “उठशील माय.”

भूलतज्ज्ञांनी पाठीत सुई दिली. सगळं व्यवस्थित. बाळ बाहेर आलं, रडलं. तेवढ्यात त्यांना दुसऱ्या दवाखान्यातून फोन आला. ते मला म्हणाले, “सिस्टर, बघा जरा, पंधरा मिनिटांत येतो.” आणि गेले. सर्जन टाके घालत होते.

दहा मिनिटंही झाली नसतील. बाई म्हणाली, जीव घाबरतोय. मग तिचं बोलणं अडखळलं. ओठ पांढरे पडले. रक्तदाब बघितला तर खूप खाली, नाडी मंद. मी मोठ्याने सर्जनना सांगितलं. त्यांनी हात न काढता औषध सांगितलं, मी ते दिलं. सलाईन जोरात सोडलं, ऑक्सिजन लावला, मास्क धरून पिशवी दाबत राहिले. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. घड्याळाकडे बघितलंच नाही. हळूहळू नाडी भरली. तिने डोळे उघडले आणि विचारलं, “काय झालं, मुलगा की मुलगी?”

भूलतज्ज्ञ परतले तेव्हा शेवटचा टाका चालू होता. त्यांनी कागद भरला. त्यावर इंग्रजीत लिहिलं की भुलीच्या काळात विशेष काही घडलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याने पेढे वाटले, डॉक्टरांच्या पाया पडला. मलाही पेढा दिला. त्याला काय ठाऊक! पण त्या रात्री घरी जाताना माझ्या डोक्यात एकच विचार होता. ती वाचली म्हणून कागदावर मी कुठेच नव्हते. ती गेली असती तर पहिला प्रश्न आला असता, “तिथे कोण होतं?” आणि उत्तर आलं असतं, “सिस्टर.” यश आलं तर माझं नाव नाही आणि अपयश आलं तर फक्त माझंच नाव.

आणि माझी चूकही सांगते. ते निघाले तेव्हा मी ‘बरं सर’ म्हटलं. त्यांना थांबवलं नाही.

आपण गणपतीसमोर बसलोय. लहानपणी ऐकलेली गोष्ट आठवा. पार्वतीने बाळाला दारावर बसवलं आणि सांगितलं, कोणाला आत येऊ देऊ नकोस. समोर साक्षात महादेव आले तरी त्याने दार सोडलं नाही. राखण म्हणजे ही. त्या रात्री मी हातांनी राखण केली, पण तोंडाने केली नाही. पुढे काही महिन्यांनी तसाच प्रसंग आला तेव्हा मी म्हटलं, “सर, दुसरे डॉक्टर येईपर्यंत तुम्ही जायचं नाही.” ते थांबले. त्यानंतर त्या दवाखान्याने मला कधी बोलावलं नाही. महिन्याचे चार पैसे गेले. पण मी नीट झोपले.

म्हणून त्या मुलीला माझं उत्तर असं आहे. बेटा, भुलीच्या कामात मी राखणदार होते. फक्त माझ्या राखणीला नाव नव्हतं. आणि काम नसलेल्या नावापेक्षा नाव नसलेलं काम जास्त धोक्याचं, कारण त्यात काय शिकायचं हे ठरलेलं नसतं, काय करायचं नाही हेही ठरलेलं नसतं. अमेरिकेतल्या सिस्टरांकडून आपण शिकायचं ते हे. उद्यापासून आम्हाला भूल द्यायला द्या, असं मी म्हणत नाही. आधी शिक्षण, मग परीक्षा, मग नोंदणी, आणि त्यानंतर अधिकार, असा क्रम हवा. हा क्रम उलटा झाला तर पेशंटचा जीव जातो. डॉक्टरांची काळजीही रास्त आहे. ब्रिटनमध्ये डॉक्टर नसलेल्या भूल-सहायकांवरून अलीकडेच मोठा वाद झाला. कोणाच्या देखरेखीखाली, कोणतं काम, हे स्पष्ट नसेल तर असा वाद होणारच.

आपल्याकडे थोडी हालचाल झाली आहे. 2021च्या कायद्याने सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला गेला, आणि त्या यादीत भुलीचे सहायक आणि तंत्रज्ञ यांचं नाव आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा ऑपरेशन थिएटर नर्सिंगचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. मला विचाराल तर मागणं मोठं नाही. उशाशी जो उभा राहतो तो शिकलेला असावा. त्याची नोंदणी असावी. भुलीच्या कागदावर डॉक्टरांच्या सहीखाली सहायकाचंही नाव आणि सही असावी. आणि त्या कामाचा पगार वेगळा असावा. कागदावर नाव आलं की जबाबदारी येते, आणि जबाबदारी आली की ‘नाही’ म्हणायचं बळ येतं.

आता तुमच्या कामाचं. आपल्या घरात कोणाचं ना कोणाचं ऑपरेशन होतंच. सर्जन कोण, खर्च किती, मेडिक्लेम चालेल का, हे आपण दहा वेळा विचारतो. भूल कोण देणार हे कोणी विचारत नाही. यापुढे तीन प्रश्न विचारा. भूल देणारे डॉक्टर कोण? ऑपरेशन संपेपर्यंत ते तिथेच थांबणार का? ऑपरेशननंतर पूर्ण शुद्ध येईपर्यंत पेशंटजवळ कोण बसणार? नम्रपणे विचारा, पण विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही.

आणि दोन गोष्टी तुम्ही पाळा. ऑपरेशनआधी उपाशी राहायला सांगितलं की उपाशीच राहा. जेवण किमान सहा तास आधी, साधं पाणी दोन तास आधी बंद, किंवा डॉक्टर सांगतील तसं. “रात्रीपासून पोटात काही नाही, घोटभर चहा दे गं,” म्हणून सासूला चोरून चहा पाजणाऱ्या सुना मी बघितल्या आहेत. माया असते, पण दुधाचा चहा म्हणजे खाणंच. भुलीत तो उलटून फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं. दुसरं, काही लपवू नका. तंबाखू, मिश्री, दारू, दम्याचा पंप, बीपीची गोळी, आधीच्या भुलीत झालेला त्रास, सगळं सांगा. आई-वडिलांसमोर सांगायची लाज वाटत असेल तर त्यांना बाहेर पाठवायला सांगा. आम्ही सिस्टर ते काम छान करतो.

शेवटचं, मुलींबद्दल. आजही स्थळं बघताना ‘नर्स आहे’ म्हटलं की काही घरं नाक मुरडतात. रात्रपाळी असते म्हणतात. याच सुरतेत 1895 साली एक मराठी बाई आली होती. डॉ. रखमाबाई. बालपणी झालेलं लग्न तिने नाकारलं, कोर्टात उभी राहिली, लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि इथल्या बायकांच्या दवाखान्यात तिने वर्षानुवर्षं बाळंतपणं केली. तेव्हाही लोक नाक मुरडत होते. ज्यांची बाळंतपणं सुखरूप झाली त्यांना त्याचं काय? 1994 साली प्लेग आला, अर्धं सुरत स्टेशनकडे धावत होतं, आपल्यातलीही कितीतरी कुटुंबं गाडीला लटकून गावी गेली, तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर वॉर्डात उभ्या होत्या. करोनातही तेच. तेव्हा रात्रपाळी कोणाला खटकली नाही.

म्हणून त्या मुलीला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना सांगते. शिका. जनरल नर्सिंगवर थांबू नका, पुढचा कोर्स करा. परदेशात जायची संधी आली तर जरूर जा, पण तिथे कामाची शिस्त कशी लावली आहे ते बघून या. आणि इथे राहिलात तर जे काम कराल ते कागदावर लिहून ठेवा, वेळ टाकून, सही करून. आम्ही ते केलं नाही. कोणी सांगितलं नाही आणि आम्ही मागितलं नाही.

ती खान्देशातली बाई आता आजी झाली असेल. तिला त्या रात्रीचं काही आठवत नसेल, आणि भुलीच्या कामात तेच चांगलं. आठवण ठेवायची ती आम्ही.

वेळ झाला, प्रसाद थांबलाय.

गणपती बाप्पा मोरया!